डोळ्याचं चिन्ह

शहादा, मंगळवार, संध्याकाळ

लॅपटॉप बिघडल्यापासून बातम्या राजूच्या झेरॉक्सच्या दुकानातून पाठवतो. आज मेल उघडायला बसलो, तर पासवर्डच्या चौकटीत काळे ठिपके आधीच भरलेले.

"मी कव्हयनाच सेव्ह करी ठेयेल शे, अण्णा," राजू म्हणाला. "रोज टाईप करानी कटकट कसाले?"

मग ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याने डोळ्याच्या चिन्हावर क्लिक करून दाखवलं. ठिपक्यांची अक्षरं झाली. माझा पासवर्ड, कोणीही वाचावा असा. दुकानातल्या त्या कॉम्प्युटरला कुलूपच नाही. बिचाऱ्याने सोय म्हणून केलं. रागवायचं तरी कोणावर?

त्या मेलमध्ये डोंगरातल्या एका आश्रमशाळेच्या अधीक्षिकाबाईंनी पाठवलेले फोटो आहेत, मुलांच्या ताटातल्या किडक्या तांदळाच्या भाताचे. खाली त्यांचं नाव. ते कुठेही येणार नाही, असा शब्द दिलाय मी. आणि त्यांचे मुख्याध्यापक शाळेची ऑनलाइन कामं करायला याच दुकानात येतात, याच खुर्चीवर बसतात.

घरी येऊन मोबाईलवरून पासवर्ड बदलला. पण त्या डोळ्यातून आधीच कोणी पाहिलं असेल तर? बाईंना सांगावं तर त्यांची झोप उडेल. न सांगावं तर... फोन हातात घेतला, खाली ठेवला.

इतक्यात राजूचाच आला. "अण्णा, तुमना मेल उघडत नई, स्क्रीनवर पासवर्ड चुकीचा दखाडस. नवा पासवर्ड सांगा, टाकी ठेवस."

"आत्ता कोण उघडत होतं?"

"कोन जाने, दुकानमा गर्दी शे."

तेव्हापासून बाईंना फोन लावतो आहे. तिकडे रेंज नाही.