पाठीखालचा हात

प्रिय बाबा,

तुम्ही पाठवलेला अंजिराचा मुरंबा शुक्रवारच्या जहाजाने नीट पोचला. मी मजेत आहे. बेटावरचे लोक आता मला पदकांबद्दल नाही, रक्तदाबाबद्दल विचारतात.

आमच्या मारेतामावशी खुब्याच्या ऑपरेशननंतर तीन महिने खुर्ची सोडत नव्हत्या. पडायची भीती. आज सकाळी त्यांना समुद्रात नेलं. पाणी सायीसारखं स्थिर होतं.

"सत्तर वर्षं इथे राहिले, पण याला घोट्याच्या वर येऊ दिलं नाही," त्या म्हणाल्या. "बुडाले तर तुझ्या मानगुटीवर बसेन, पोरी."

"पाण्यात पडायला जागाच नसते, मावशी."

हे वाक्य तुमचंच. मी चार वर्षांची असताना तुम्ही केलंत तसंच मी केलं. त्यांच्या पाठीखाली तळहात धरला आणि हळूहळू एकेक बोट काढून घेतलं. त्या डोळे मिटून तरंगत राहिल्या. मलाही क्षणभर वाटलं, मीच तिथे पडले आहे आणि वर तुमची टोपी दिसते आहे. मग त्या कमरेएवढ्या पाण्यात दहा पावलं चालल्या.

"कोणी शिकवलं तुला?"

"बाबांनी."

"मग त्यांना कोण धरतं?"

तोनचीदादाने कळवलंय, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तुम्ही घराबाहेर पडलेला नाहीत. मला मात्र तुम्ही 'सगळं ठीक' लिहिता.

मी डॉक्टर झाले तेव्हा तुम्ही म्हणालात, पोहणं वाया गेलं. नाही गेलं, बाबा. येत्या शुक्रवारी या. पाणी अजून कोमट आहे. एकही बोट काढणार नाही.

धक्क्यावर वाट बघणारी,
तुमची यागोदा