ओट्याचं माप

प्रिय आई,
तुला वाकून नमस्कार. खोकला आता कमी आहे, जेवतेही वेळेवर.

दुसरीच्या मुलांबरोबर मी रोज घरी एक चिठ्ठी पाठवते, आज वर्गात काय शिकलो याची. दोन महिने एकाही घरून उत्तर नाही. वाटायचं, कोणी वाचतच नसेल.

सोमवारी मुलांनी वितींनी फळा मोजला. मंगळवारी एका मुलीचे वडील दारात उभे. गवंडी आहेत, हाताला सिमेंट तसंच.

"बाई, चिठ्ठी वाचून आम्ही घरचा ओटा मोजला. हिच्या पंधरा विती, माझ्या नऊ. तेव्हापासून भांडतेय. खरं कोणाचं?"

मी त्यांनाच आत बोलावलं. त्यांनी खिशातून टेप काढली. म्हणाले, "दोघांचं खरं. पण असं मोजून भिंत बांधली तर पडेल की!" मुलं खो-खो हसली. एवढं सोपं मलाही सांगता आलं नसतं. त्यांची लेक तर नुसती फुलून गेली होती.

बुधवारी अकरा चिठ्ठ्या परत आल्या, मागे घरोघरच्या ओट्यांची मापं लिहून. मी त्या तपासल्या नाहीत गं, नुसती वाचत बसले.

तुझे गुडघे कसे आहेत? खरं कळव. परत ये म्हणतेस, पण आता इतक्यात नाही येत. रागावू नकोस.

तुझीच,
धाकटी