अडतीस, एकसष्ट, बारा

सोमवार, ३ मार्च
विराटनं रम्याचा जबडा मोडला. खाली कारखान्यात, लोखंडी पान्यानं. स्वतःच्या बायकोचा! माझा नातू — मीच भरवून भरवून वाढवलेला रेडा. शटर खाली होतं, यशवंतपुरात कुणाला पत्ता लागला नाही. जाता जाता कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या सर्व्हरच्या डब्यावर लाथ घातली. डबा विझला. हा पळाला.

मंगळवार, ४ मार्च
हॉस्पिटलात रम्याचे दात तारेनं बांधलेत. पोलीस विचारतो, "विराट फोनवर म्हणतो जिन्यावरून पडली. पुरावा काय, अज्जी? तुम्ही पाहिलंत?" वर होते म्हटलं, ओरडणं ऐकलं.
रम्यापुढं कागद धरला, लिही. माझ्याकडे बघत राहिली. एक अक्षर लिहिलं नाही!
आता जे काय आहे ते त्या डब्यात.

बुधवार, ५ मार्च
शिवाजीनगरचा त्रिविक्रम आला, डबे दुरुस्त करतो. चालू केला की डबा आधी डिस्क तपासतो, मगच उघडतो म्हणे. तपासता तपासता गोठला — ३८ टक्क्यांवर. बंद करून पुन्हा — ६१. पुन्हा — १२. मी समोर बसून होते, हा चहाला. "डिस्क गेली, अज्जी." गेलेलीच असती तर तुला कशाला बोलावलं असतं, मढ्या!
विराटचा फोन. "डबा भंगारात टाक. नाहीतर तुझंही तोंड फोडीन."
ये म्हटलं.

गुरुवार, ६ मार्च
आला. मागचं दार फोडून. डब्यावर हात घातला तसा मी गज हाणला मनगटावर. काड्‌कन वाजलं. बोंबलत गेला.

शुक्रवार, ७ मार्च
त्रिविक्रमला परवाचे आकडे वाचून दाखवले. ओरडलाच — "दर वेळी वेगळ्या जागी? मग डिस्क नाही! डिस्क बिघडली असती तर दर वेळी एकाच जागी अडली असती." चहा ढोसत बसला नसतास तर बुधवारीच कळलं असतं!
लाथेनं आतल्या मेमरीच्या दोन पट्ट्यांतली एक बिघडली होती, तीच मधेच गोठवत होती. ती उपटली. ३८ गेलं, ६१ गेलं. शंभर!

शनिवार, ८ मार्च
चित्र दिसलं. विराट पाना उचलतो. रम्या रस्त्याकडे धावते. दारात मी आहे. शटर मी ओढते — लोक बघतील म्हणून.
त्रिविक्रम खाली मान घालून म्हणाला, "स्वल्प, थोडंसं कापू का, अज्जी? तुमचं तेवढंच."
नको म्हटलं. सगळं दे पोलिसांना.