पेडल नसलेल्या क्लचबाबत

प्रति,
मा. वाहन तपासणी अधिकारी,
वाहन नोंदणी कार्यालय,
खिडकी क्र. ४ (बंद असल्यास ७)

विषय : बहिणीची ऑटोमॅटिक गाडी पुन्हा ऑटोमॅटिक समजण्याबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे पाच अर्ज व आपला एक शेरा.

महोदय,

मी गॅरेजवाला असून लिहिण्यात कच्चा आहे, हेच या प्रकरणाचे मूळ आहे. माझ्या ताईचा डावा पाय गुडघ्याखाली नाही, म्हणून तिचा परवाना केवळ ऑटोमॅटिक गाडीचा आहे. तिच्या स्पोर्ट्स कारच्या इंजिनाचा जोर मी वाढवला, तेव्हा मूळ गिअरबॉक्सला तो पेलवेना. सबब मी इंजिनाचा जोर गिअरबॉक्सला देणारा टॉर्क कन्व्हर्टर, तो मागच्या चाकांत वाटणारा डिफरन्शियल आणि गिअरबॉक्सच्या पोटातल्या क्लच प्लेटा जास्त ताकदीच्या बसवल्या. आपल्या नमुन्यात ‘केलेला बदल’ या रकान्यात एकाच ओळीची जागा होती. मी प्रामाणिकपणे लिहिले, “गिअर बदलले. नवीन क्लच घातला.”

२. ऑटोमॅटिक गाडीचा क्लच पोटात असतो, पायाखाली नसतो. परंतु त्या एका शब्दावरून आपल्या लिपिकांनी गाडी हाताने गिअर टाकण्याची ठरवली. परिणामी ताई विनापरवाना ठरून गाडी आपल्या आवारात जमा झाली. मी स्वतःच्या हाताने धोंडा पाडून घेतला, तोही बहिणीच्या उरलेल्या पायावर.

३. फेरतपासणीत मालकिणीनेच गाडी चालवून दाखवावी, असा नियम आहे. तपासनीस साहेबांनी ताईला क्लच दाबण्यास सांगितले. पेडलच नाही, असे ती म्हणाली. साहेबांनी वाकून पाहिले. त्यांना पेडल दिसले नाही आणि पायही दिसला नाही. मग त्यांनी शेरा लिहिला, “क्लच दाबू शकत नाही. चालक अपात्र.” आता पुन्हा तपासणी मागावी, तर चालक पात्र असल्याशिवाय ती होत नाही. खोटे पेडल ठोकावे, तर तो विनापरवानगी बदल होतो. मी हात टेकले आहेत.

४. गाडी सुटत नसेल तर न सुटो. पण ताईने तो शेरा वाचला आहे. पाय गेला त्या अपघातानंतर दोन वर्षे ती उंबऱ्याबाहेर पडत नव्हती. या गाडीने तिला बाहेर काढले. आता म्हणते, एवढ्या मोठ्या साहेबांनी पाहून लिहिले, तर खरेच असेल. चूक माझी आहे, असे मी रोज सांगतो. ती म्हणते, तू भाऊ आहेस, तू असेच सांगणार. तरी ‘अपात्र’ हा शब्द तिच्या नावापुढून काढून माझ्या नावापुढे लिहावा, ही कळकळीची विनंती. आपण म्हणाल तेथे मी सही करतो.

आपल्या बाकावर बसून असलेला, नम्र,
(सही)
गॅरेजवाला, वाहनमालकिणीचा धाकटा भाऊ
दि. ९ ऑक्टोबर

सोबत :
(१) जुन्या क्लच प्लेटा, पिशवीत (तेलकट आहेत, कागदांवर ठेवू नयेत)
(२) पेडले दोनच असल्याचा फोटो
(३) डावा पाय नसल्याचा, चालू वर्षाचा दाखला