बाबांच्या पुंगळ्या

लुइसटाउन, मोंटाना
८ जानेवारी

प्रिय सिग्नेस,
स. न. वि. वि.
तुला फोन उचलायचा कंटाळा, म्हणून पत्र. बाबा वृद्धाश्रमात रुळले म्हणायचे. अंगठा भरून आलाय, पण जेवताना काटासुद्धा उजेडात धरून बघतात. त्यांच्या पिस्तुलात ऑक्टोबरमध्ये काडतूस फुटलं तेव्हापासून हे असंच. म्हणतात, ज्याला काडतुसाची फुगलेली पुंगळी दिसत नाही त्याने गाडी कशाला चालवायची. घराचा सौदा शुक्रवारी. वापरलेल्या पुंगळ्यांत पुन्हा दारू भरायचं यंत्र नेमबाजीच्या क्लबला दिलं. तुला हवं होतं का?
लोभ आहेच, तो पत्रातून दाखवत जा.
तुझा
आर्लो

मिनियापोलिस
१९ जानेवारी

प्रिय आर्लोस,
स. न. वि. वि.
यंत्र नको. ती पुंगळी मी निवडली होती.
सप्टेंबरमध्ये आले तेव्हा बाबांनी वापरलेल्या पुंगळ्यांचा डबा माझ्यापुढे ठेवला. प्रत्येक काचेवर फिरवायची, बुडाशी फुगलेली असली तर डगमगते, ती टाकून द्यायची. पहिल्या दोनशे मी फिरवल्या. बाकीच्या नुसत्या पाहिल्या. बाबांनी विचारलं, सगळ्या फिरवल्यास ना? मी हो म्हटलं. एरवी ते दुसऱ्याने निवडलेल्या पुन्हा तपासतात. या वेळी म्हणाले, सिग्नेने बघितल्यात, आता मी काय बघायचं.
हॉस्पिटलात तू डॉक्टरांना सांगितलंस की यांची नजर गेली. मी बाबांचा कोट हातात धरून उभी होते. त्या दिवशी डायरीत लिहिलं, ती पुंगळी माझ्याच डब्यातली कशावरून? पण त्या महिन्यात त्यांनी दुसरा डबा उघडलाच नव्हता, हे मला माहीत होतं.
बाबांना कसं सांगायचं ते तू ठरव. हेही मी तुझ्यावरच ढकलतेय, कळतंय मला.
लोभ उरला असेल तर राहू दे.
तुझी
सिग्ने

लुइसटाउन
२८ जानेवारी

सिग्नेस,
काल तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. पुन्हा वाच म्हणाले. मी म्हटलं, म्हणजे तुमची नजर चांगलीच आहे की. ते म्हणाले, असेल. आता ती घेऊन जाऊ कुठे?
नजर गेली असं मीच सगळ्यांना सांगत सुटलो होतो, त्याचं माझं मी बघेन. घर विकलं गेलं.
मी निघताना त्यांनी तुला विचारायला सांगितलं. पुंगळ्या फिरवायला कंटाळा येतो, हो म्हणून जातं, ते त्यांना समजतं. पण नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या जेवणात त्यांनी गाडीच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या, तेव्हा तू समोर बसून बटाटे वाढून घेत होतीस. तेव्हा का नाही बोललीस?
उत्तर मला नको, त्यांना पाठव. मोठ्या अक्षरात लिहायची गरज नाही.
लोभाचं नंतर बघू.
आर्लो