रजयांचे कपाट आणि इतर मालमत्ता

मी, खाली सही करणारी, एका मुलाची आणि एका मुलीची आई, एका नातीची आजी, शिक्षण चौथीपर्यंत, डोके पूर्ण ठिकाणावर (गुडघ्यांचे विचारू नये), कोणाच्या दबावाखाली नव्हे तर आपखुशीने माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवत आहे. वकीलसाहेबांनी भाषा सुधारली, मी निम्मी परत बिघडवली.

१. घर मुलाला व मुलीला समसमान. भांडायचे असेल तर आत्ताच भांडा, म्हणजे मलाही ऐकता येईल.

२. बँकेतली ठेव सुनेला. बोलते कमी, पण माझ्या दुखण्यात उशाशी तीच होती.

३. मधल्या खोलीतले कपाट, आतल्या रजया, उशा व यजमानांचे लोकरी कोट यांसह, नातीला. त्यातले काही वाटू नये, वाळवीचे निमित्त काढून रिकामेही करू नये. कारण असे, की नात सिनेमांना पार्श्वसंगीत द्यायची. मी एकूण एक सिनेमा पाहिला आणि दर वेळी जळले. पोरीने व्हायोलिनवाल्यांकडून इतके गोड वाजवून घ्यावे आणि नेमका त्यावर हिरोने तोंड उघडावे. लोक रडायचे ते तिच्यामुळे, नाव मात्र हिरॉइनचे. एक दिग्दर्शक तिला म्हणाला, "संगीत आहे हे जाणवताच कामा नये." मेल्या, मग तुझा सिनेमा तरी कुठे जाणवला?

आता ती परत गाण्यांकडे वळली आहे. कॉलेजात मित्रांबरोबर करायची तशी, पाय हलवायला लावणारी. मला आभाळ ठेंगणे झाले. तेवढ्यात विहीणबाई, म्हणजे सुनेच्या आई, मध्ये पडल्या. "माझ्याकडेच काम कर गं, पियानो आहे." पियानो आहे हे त्या दातांच्या डॉक्टरलाही तोंड उघडे असताना सांगतात. नात गेली. मी पियानोला शिव्या घालत बसले.

विहीणबाईंनी हौसेने खोली लख्ख केली. गालिचा काढला, पडदे काढले, फरशीचा आरसा केला. नातीने माइक लावला तर आवाज रिकाम्या टाकीत गायल्यासारखा घुमला. संध्याकाळी नात माझ्या दारात.

"आजी, तुझं कपाट दे. रजयांत आवाज घुमत नाही."

तेव्हापासून ती कपाटात डोके घालून गाते आणि मी पंखा बंद करून घामाघूम बसते. इतके सुख मला लग्नातही नव्हते.

४. विहीणबाईंना मी साक्षीदार करणार होते, कारण वकीलसाहेब म्हणाले, "आजी, साक्षीदाराला काही देता येत नाही." मला तेच हवे होते. पण परवा नातीला ध्रुवपदासाठी दोन म्हाताऱ्यांचे आवाज हवे झाले. आम्ही दोघी कपाटात डोकी घालून उभ्या. माझा सूर काही केल्या लागेना.

"वर जाऊ नका, माझ्या खालून चला," विहीणबाई कुजबुजल्या.

चालले. लागला. नात म्हणाली, "हेच हवं होतं."

विहीणबाईंचा गळा माझ्यापेक्षा चांगला आहे. हे त्यांना माझ्या हयातीत कळू नये.

सबब माझ्यामागे नातीची गाणी चालू असतील तेव्हा कपाटासमोर डाव्या बाजूला उभे राहण्याचा हक्क मी विहीणबाईंना देत आहे. उजवी बाजू माझी. तिकडे त्यांनी सरकू नये.

सही: नातीची आजी (वडिलांकडची)
साक्षीदार: १. खालच्या मजल्यावरचे घड्याळजी
२. ~~विहीणबाई~~ शेजारच्या नर्सबाई (खाडाखोड मला मान्य)
ठिकाण: मधली खोली
दिनांक: गाणे रेडिओवर लागले त्याच्या दुसऱ्या दिवशी