हिल्डेगुंड म्हणजे मवाळ

६ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी ७
आज माझा नामदिन, म्हणजे माझ्या नावाच्या संत बाईंचा दिवस. फोन कुणाचाच नाही. कॉन्व्हेंटमध्ये या दिवशी सिस्टर लिओबा माझ्या बाकावर एक सफरचंद ठेवायच्या, फडक्याने घासून चकचकीत केलेलं. हिल्डेगुंड म्हणजे मवाळ मनाची, असं त्यांनीच मला सांगितलं. त्याच्या आदल्या दिवशी मी एका मुलीच्या नाकावर दप्तर हाणलं होतं. तरी सिस्टर असं म्हणाल्या, म्हणजे त्यांना माझं मन आतून दिसलं असणार.
संकल्प: बासष्टावं वर्ष शांततेत घालवायचं. कुणावरही हात उगारायचा नाही.
सकाळी ९. माळ्यावर शिरलेल्या रानमांजराला फावड्याने हाणलं. प्राणी संकल्पात धरलेले नाहीत.

१० फेब्रुवारी, रविवार
चार वाजता कॉफीला सगळे आले. योर्न आणि स्वेन्या, म्हणजे माझा मुलगा आणि सून, यांनी बातमी दिली. जुलैअखेर मुलगी होणार. मी रडले. माझा नवरा हाइन्त्स असता तर तोही रडला असता, आणि मग कोर्न दारूचे दोन पेले घेऊन कोंबड्यांनाही ही बातमी सांगायला गेला असता.
नाव काय ठेवणार, विचारलं. लीना, म्हणाले. इथे एका अंगणवाडीत चार लीना असतात. मी हळुवारपणे हिल्डेगुंड सुचवलं. योर्नला ठसका लागला. तेवढ्यात माझी नणंद मेख्टिल्ड, जिला मी बोलावलंही नव्हतं, म्हणाली की बापाकडचं नाव ठेवायची रीत आहे, तर मेख्टिल्ड ठेवा. वर मला म्हणाली, अगं गुंडे, तुझं नाव ऐकून ते पोर पोटातच बसून राहील.
केक कापायची सुरी माझ्या हातून निसटली. तिच्या मनगटाला दोन टाके पडले. अपघात होता, डॉक्टरांनाही मी तसंच सांगितलं.

२८ फेब्रुवारी, गुरुवार
आज बायकांचा कार्निव्हल. पुरुषांचे टाय कापायचा दिवस, म्हणून कात्री घेऊन बाहेर पडण्यात गैर काही नाही. तालुक्याच्या जन्मनोंदणी कचेरीत गेले. नाव चालेल का, विचारलं. तिथला पोरगेलासा कारकून म्हणाला, आजी, चालेल हो, चालायला कायद्याची काही हरकत नाही. पण मी अकरा वर्षं इथे आहे, हे नाव लावायला अजून कुणी आलेलं नाही. आणि हसला.
टाय कापला. रीतच आहे. शर्टाची तीन बटणं आणि हनुवटीची थोडी कातडीही आली. ती रीतीत बसत नाही, असं त्याच्या वरिष्ठांचं मत पडलं.
उद्यापासून सौम्य.

१९ मार्च, मंगळवार
नावांची माहिती देणाऱ्या संस्थेला मी पत्र लिहिलं होतं, त्याचं उत्तर आलं. गेल्या दहा वर्षांत अख्ख्या देशात त्यांना या नावाची एकही मुलगी सापडलेली नाही. याला मी दुर्मीळ म्हणते.
अर्थाबद्दल त्यांची चूक झालेली दिसते. हिल्ड म्हणजे युद्ध, असं लिहिलंय. आणि गुंड म्हणजेही युद्ध. युद्धयुद्ध. असं कोण कुणाचं नाव ठेवेल?
दुपारी ३. भांडी घासताना उलगडा झाला. सिस्टर लिओबा गणितही शिकवायच्या. उणे गुणिले उणे बरोबर अधिक. युद्ध गुणिले युद्ध बरोबर शांतता. सिस्टरांना हे तेव्हाच कळलं होतं. किती हुशार बाई. त्यांच्या झग्याला मेणाचा आणि साबणाचा वास यायचा. वर्गात त्या आल्या की आम्ही आपोआप ताठ बसायचो.
आनंदाच्या भरात दोन बशा फुटल्या.

२१ एप्रिल, ईस्टर
सगळे माझ्याकडे. मेख्टिल्डने कंप्युटरवरून कागद छापून आणला होता आणि तो जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचला. मेख्टिल्ड म्हणजे बळ आणि युद्ध. म्हणाली, माझ्यात एकच लढाई आहे, हिच्यात दोन. पोरीचा जरा विचार करा.
मी तिला उण्या-उण्याचा नियम समजावला. ती म्हणाली, गुंडे, तू दहावीला गणितात नापास झालीस, हे हाइन्त्सने मला लग्नाच्या दिवशीच सांगितलं होतं.
आम्ही रंगवलेली उकडलेली अंडी चौदा होती. मी नऊ फेकली, सहा लागली. या वयात नेम वाईट नाही. मेख्टिल्डने मोहरीची बरणी फेकली, ती योर्नच्या कपाळावर बसली. स्वेन्या उठली आणि पोटावर हात ठेवून म्हणाली की, पहिलं नाव लीना, ते ठरलं. दुसऱ्या नावाला एकच जागा आहे. ते कुणाचं, ते शांतपणे ठरवा.
योर्न कपाळाला बर्फ लावत पुटपुटला, जूनच्या नेमबाजीच्या मेळ्यात लाकडी पक्षी पाडा, जी पाडेल तिचं नाव. तो चेष्टेत म्हणाला असावा. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. ठरलं.

१६ जून, रविवार. सायंकाळी ६
पोलीस नुकतेच गेले. डोकं थंड ठेवून क्रमाने लिहिते.
नेमबाजीचा मेळा. दरवर्षीसारखा उंच खांबावर लाकडी पक्षी. आधी मुकुट पडतो, मग चोच, मग पंख, मग धड. शेवटचा तुकडा पाडेल ती राणी. सात बायका उरल्या, मग चार, मग मी आणि मेख्टिल्ड. खाली बँड, सॉसेजचा धूर, आणि दोन्ही बाजूंनी ओरडणारं अर्धं गाव. आठ महिन्यांची गरोदर स्वेन्या सावलीत खुर्चीवर बसून होती.
मेख्टिल्डने गोळी झाडली. धड एका ढलपीवर लटकलं. मी झाडली. पडलं. माझं पडलं.
ती म्हणाली, वाऱ्याने पडलं, वजन माझ्याच गोळीने सुटलं होतं. मी म्हटलं, वारा नव्हता. ती म्हणाली, अगं बाई, तुझ्या तोंडातून येतोय तो काय आहे मग? लोक हसले. बँडवालेही.
पक्ष्याचा डावा पंख पायाशीच पडला होता. ओक लाकूड, हातभर लांब. माझा इरादा तिला तो दाखवायचा होता. दोनदा दाखवला. तिचं गळ्याजवळचं हाड मोडलं. पडता पडता तिने ट्रम्पेटवाल्याच्या हातातला ट्रम्पेट ओढून माझ्या तोंडावर हाणला. समोरचा एक दात गेला. मग तिचा दीर आणि आमचा शेजारी एकमेकांच्या अंगावर गेले, ते कशावरून ते त्यांनाही माहीत नव्हतं. बियरचं एक पिंप उलटलं. कुत्रे सुटले.
स्वेन्या उभी राहिली आणि सगळं थांबलं. ती ओरडली नाही. म्हणाली, आई, माझ्या मुलीला लढाईचं नाव मिळणार नाही. ना तुमचं, ना आत्याबाईंचं. संपलं.
यानंतर मी जे बोलले ते खरं होतं. तोंडातून रक्त येत होतं, म्हणून शब्द नीट निघाले नसतील. मी म्हटलं, ते माझं नाव नाहीच मुळी. ते माझ्या आजीचं आहे. आजी आजाऱ्यांच्या उशाशी बसायची. बाळंतिणींना सूप नेऊन द्यायची. तिने आयुष्यात कोंबडीसुद्धा स्वतः कापली नाही, शेजाऱ्याला हाक मारायची. वडिलांनी तिचंच नाव मला लावलं. घरात आम्हा दोघींचंही लाडकं नाव एकच, ‘हिला’. आजी थोरली हिला, मी धाकटी. तिच्या थडग्यावर नुसतं ‘आंटोन ब्रुनिंगची विधवा’ एवढंच होतं, आणि आता जागेच्या भाड्याची मुदत संपून थडगंही काढून टाकलंय. तिचं नाव कुठेच उरलेलं नाही. माझ्यासाठी नको, तिच्यासाठी ठेव.
 स्वेन्याने रुमाल काढून माझं तोंड पुसलं. म्हणाली, ठीक आहे. आजींसाठी. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत त्यांचं जे नाव असेल, ते लीनाचं दुसरं नाव.
मी जिंकले. दात गेला, पण मी जिंकले.

२२ जून, शनिवार
इस्पितळात मेख्टिल्डला भेटून आले. आलूबुखाऱ्याचा केक नेला. हाइन्त्स लहानपणी गोठ्यात पडला होता ती गोष्ट तिने सांगितली, आम्ही दोघी हसून हसून रडलो. हसताना तिचं हाड दुखत होतं, तरी ती सांगत राहिली. मला वाटलं, आम्ही दोघीच उरलोय.
निघताना ती म्हणाली, केक कच्चा आहे. मी तिची उशी नीट केली. जरा जोरात.

२६ जुलै, शुक्रवार
काल लीना आली. साडेतीन किलो. मुठी आवळून असते. कुणावर गेलीय ते मी बोलून दाखवलं नाही.
योर्नला म्हटलं, वहीचं काम मी बघते. तो म्हणाला, आम्हीच बघतो, आई, तू फक्त बरोबर चल. बाप्तिस्म्याला मी काय बोलणार ते आजच लिहून काढलं, चार पानं. त्यात उण्या-उण्याचा नियमही आहे.

१४ ऑगस्ट, बुधवार
चर्चच्या दफ्तरखान्यात गेलो. मी, योर्न, स्वेन्या, टोपलीत लीना. तिथली फ्राउ टेबे नावाची तरुण बाई जुनी अक्षरं वाचते. मी शाळेत गेले तोवर ही अक्षरं शिकवायचं बंद झालं होतं. १८८४ सालचं पान तिने उघडलं. मी बोट ठेवून म्हटलं, हे बघा, हिल्डेगुंड.
तिने भिंग आणलं. खूप वेळ बघितलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, बाई, हा यू नाही. जुन्या लिपीत यूच्या डोक्यावर एक आकडी असते. इथली आकडी त्या अक्षराची नाहीच, वरच्या ओळीतल्या योहान या नावातल्या एचची शेपटी खाली आलीय. ती सोडली तर हा ए आहे. आणि पुढचा एन नाही, आर आहे.
हिल्डेगार्ड.
ती म्हणाली, असं खूप होतं. १९५७ साली तुमचा बाप्तिस्मा झाला तेव्हा नवीन आलेल्या पाद्र्याने हे पान बघून नाव उतरवलं असेल. वडिलांनी नुसतं सांगितलं असेल, माझ्या आईचं तेच लिहा.
मी मागची पुढची पानं बघू का, विचारलं. तिने तीन वह्या काढून दिल्या. दोन तास बसले. अकरा हिल्डेगार्ड आहेत. सहा मेख्टिल्ड. हिल्डेगुंड एकच, टाइप केलेली, मी.
स्वेन्याला नाव फार आवडलं. गार्ड म्हणजे कुंपण, राखण, असं फ्राउ टेबेने सांगितलं. सूप नेऊन देणाऱ्या बाईला शोभतं, स्वेन्या म्हणाली. योर्नने फॉर्म भरला. लीना हिल्डेगार्ड. स्वेन्याचं बरोबरच होतं, वहीत जे असेल तेच ठरलं होतं.
मेख्टिल्डला योर्नने तिथूनच फोन लावला. ती इतकी हसली की आम्हाला फोनशिवायही ऐकू आलं असतं. मला काहीच करावंसं वाटलं नाही. फ्राउ टेबेच्या टेबलावर पितळी कागददाबणी होती, तिच्याकडेही मी नुसतं बघितलं.
गाडीत बसताना स्वेन्याने माझा हात धरला आणि विचारलं, मग आई, तुमचं नाव कुणावरून पडलं म्हणायचं?
मी म्हटलं, एका शेपटीवरून.